लाकडाचे सॅन फ्रान्सिस्को आणि वरळीच्या चाळी

२०१९ च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या शाखांमध्ये एक जुनी लाकडी प्रतिकृती तुकड्यातुकड्यांनी मांडली होती. ज्या वस्तीतली शाखा, तिथे त्या वस्तीचा तुकडा. महामंदीत बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून १९४० च्या सुमारास घडलेले हे अख्खे शहर, एक इंचाला शंभर फूट या प्रमाणात, सुमारे ३७ फूट बाय ४१ फूट भरते. नगररचनेच्या कामासाठी बनवलेली ही प्रतिकृती थोडे दिवस सिटी हॉलमध्ये मिरवली आणि मग कित्येक दशके खोक्यांत पडून राहिली. डाउनटाउनचा भाग तेवढा बर्कलेच्या विद्यापीठात अभ्यासासाठी वापरला गेला. अखेर शहरातल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने ग्रंथालयाच्या साथीने ती बाहेर काढली आणि स्वयंसेवकांनी तिच्यावरची धूळ हातांनी पुसून काढली.

मी फिलमोर भागाचा तुकडा बराच वेळ पाहत उभा होतो. त्यातली पुष्कळशी घरे आज नाहीत. १९४८ मध्ये इथे पुनर्विकास संस्था स्थापन झाली, पुढे गिअरी रस्ता रुंद झाला आणि कृष्णवर्णीय व जपानी वंशाच्या हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. परत येण्यासाठी प्राधान्याची प्रमाणपत्रे वाटली गेली, पण ती कामी आलेली कुटुंबे थोडीच. प्रतिकृती बाहेर काढणारे संग्रहालयही येर्बा बुएना या पुनर्विकसित भागातच उभे आहे, जिथली निवृत्त कामगारांची स्वस्त निवासी हॉटेले पाडली गेली आणि जिथल्या भाडेकरूंना हक्काच्या घरांसाठी कोर्टात जावे लागले.

म्हणूनच, 'तिकडे बघा, इतिहास कसा जपतात' हे कौतुक घरच्या ग्रुपवर वाचले की मला अवघडल्यासारखे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ रहिवाशांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर, आणि तेही त्याच वरळीत. देखभालीचा खर्च पुढे झेपेल का, ही शंका रास्त आहे. तरीही फिलमोरच्या कुटुंबांना जे मिळाले नाही, ते इथे मिळाले आहे. चाळ पाडू नका, असे सॅन फ्रान्सिस्कोत बसून सांगण्याचा अधिकार सार्वजनिक संडासापुढे रांग न लावणाऱ्या माणसाला नाही, आणि त्यात मीही आलो.

माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे प्रतिकृती दिसते ती बिल्डरच्या ऑफिसात, काचेच्या पेटीत, खिडक्यांत दिवे लावलेली. ती जे बांधायचे आहे तेच दाखवते. जे पाडायचे आहे त्याची प्रतिकृती कोणी करत नाही. गिरणगावाच्या जमिनींवर अहवाल आले, नियम बदलले, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मात्र गिरणी, तिचा भोंगा, भोवतीच्या चाळी आणि खानावळी एका नजरेत दिसतील अशी मांडणी आज सामान्य माणसाला कुठे पाहायला मिळते?

अशी वस्तू करायची, तर ती देखणी करण्याचा मोह टाळावा लागेल. जुन्या प्रतिकृतीची दुरुस्ती करतानाही मोडलेला भाग जोडावा, धूळ काढावी, पण नव्या रंगाने तिला कोरी करू नये, असे माझे मत आहे, कारण कामाला आलेल्या वस्तूवरचे डाग आणि ठिगळे हाच तिचा पुरावा असतो. चाळीच्या बाबतीत तर गॅलरीत पुढे काढलेला ओटा, पोटमाळा, दोरीवरचे कपडे हे सारे मोजमापासह यायला हवे, आणि ते मोजण्यासाठी इमारत उभी असतानाच टेप घेऊन जावे लागते.

मागच्या महिन्यात मी हे मावसभावाला फोनवर सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "कर की. पण आमची खोली दुसऱ्या माळ्यावर, जिन्यापासून तिसरी. चुकवू नकोस."