आधी हिरड्या तपासा, मग वजनावर बोला

आज केळवणाला आत्याने पेरूची फोड चावली आणि फोडीवर रक्त उमटलं. लगेच पंगतीतून सल्ला: "अगं, आधी वजन कमी कर, हिरड्या आपोआप बऱ्या होतील." आत्याने फोड रुमालात गुंडाळली आणि नंतर नीट जेवलीच नाही. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

वजनाचा आणि हिरड्यांचा संबंध आहे, मान्य. १९९८ सालीच जपानी संशोधकांनी तो दाखवला होता. पोटावरची चरबी नुसती पडून नसते, सूज वाढवणारी रसायनं ती रक्तात सोडत राहते. मग दातांवरच्या किटणाने हिरडी जास्तच सुजते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. त्यात मधुमेह असला की साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत.

पण म्हणून तोंडात बघायचंच नाही? आत्या पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेली, तिथे खुर्चीत बसायच्या आधीच तिच्या वजनावर घसरले. गुळण्यांचं औषध, डाएटचा कागद, बोळवण! दुसरीकडच्या डॉक्टरीणबाईंनी खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या कडेने फिरवली आणि आकडे मोठ्याने सांगत गेल्या: पाच, सहा, सहा. निरोगी हिरडीत ती जेमतेम तीन मिलिमीटर जाते. साखर तपासायलाही त्यांनीच पाठवलं, आणि ती वाढलेली निघाली. पहिल्या ठिकाणी एवढं करायला काय झालं होतं?

आणि सडपातळ मंडळींनी निर्धास्त राहू नये. दिसायला बारीक असलेल्या भारतीय माणसाच्या अंगातही भरपूर चरबी असू शकते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी केव्हाच दाखवून दिलंय. शिवाय मिश्री लावणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या सडसडीत काकांना पंगतीत कुणी टोकत नाही. तंबाखू तर हिरड्यांचा पक्का वैरी!

आत्या रोज चालते, भातही कमी केलाय. वजन उतरलं तर चांगलंच आहे, तिलाही ते हवंय. पण हिरडीखाली दगडासारखं बसलेलं किटण चालून निघत नाही, ते खरवडूनच काढावं लागतं. तिची एक बाजू झालीय, दुसरी बाकी आहे.

तुमच्या घरात कुणाच्या ब्रशला रक्त लागत असेल, तर दुखायची वाट बघू नका. हा आजार बरेचदा दुखतच नाही. दाताच्या डॉक्टरांकडे न्या. आणि सळई न फिरवताच त्यांनी वजनावर भाषण सुरू केलं, तर उठा आणि दुसरा दवाखाना गाठा.