‘200 रुपयांत घरच्या घरी सर्व्हिसिंग’: करा, पण अशी नको

दसरा जवळ आला की ती पोस्ट पुन्हा फिरायला लागते. ‘शोरूमवाल्यांना लुटू देऊ नका, 200 रुपयांत घरीच बाईकची सर्व्हिसिंग करा’, आणि खाली पाच युक्त्या. मी बरीच वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाट टाकून माझी गाडी स्वतःच करतो. तेव्हा घरी करण्याला माझा विरोध असायचं कारण नाही. विरोध आहे तो पाचातल्या चार युक्त्यांना. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा थर कोमट पाण्याने धुवायची पाचवी तेवढी बरोबर आहे.

‘ऑइल ते ऑइल, कारचं उरलेलं ओता.’ हा शहाणपणा मी करून बसलोय. मेहुण्याच्या कारचं उरलेलं ओतलं आणि काही दिवसांनी खंबाटकीच्या चढाला इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी काही ओढेना. कारचा क्लच सहसा कोरडा, इंजिन ऑइलपासून लांब असतो. गिअरच्या बहुतेक बाईकचा मात्र त्याच ऑइलात बुडालेला असतो. ॲव्हरेज वाढावं म्हणून कारच्या अनेक पातळ ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, आणि त्यांनी क्लचच्या प्लेटा घसरतात. माझ्या जळाल्याच, नव्या टाकाव्या लागल्या. म्हणून डब्यावर फक्त 10डब्ल्यू-30 की 20डब्ल्यू-40 हा ऑइलच्या जाडीचा आकडाच बघू नका, ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’, म्हणजे ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणारं, असं लिहिलंय का तेही शोधा. ‘एमबी’ असेल तर ते बिनगिअरच्या स्कूटरचं.

‘इंजिन चालू ठेवून गिअर टाका आणि फिरती चेन पेट्रोलने धुवा.’ तापलेल्या सायलेन्सरशेजारी पेट्रोल! शिवाय फिरत्या स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चाकात, आधी चिंधी ओढली जाते, मग बोट. गाडी बंद, न्यूट्रल, मेन स्टँडवर. चाक हाताने फिरवायचं. ओ-रिंगवाल्या, म्हणजे सांध्यांत रबरी कड्या असलेल्या चेनला पेट्रोल लावूच नका, रबर खराब होतं आणि आतलं ग्रीस जातं. रॉकेल आणि जुना टूथब्रश पुरतो.

‘डिस्क किंचाळत असेल तर दोन थेंब ऑइल सोडा.’ आवाज जाईल. ब्रेकही जाईल.

‘चेन जितकी ताठ तितका पिकअप भारी.’ ही सगळ्यात फसवी, कारण ताठ चेनची गाडी स्टँडवर छान वाटते. पण तुम्ही बसलात, मागे कोणी बसलं, खड्डा आला की मागचं चाक धरणारा चिमटा वर उचलला जातो आणि चेन आणखी ताणली जाते. तो ताण खातात चेन, स्प्रॉकेट आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग. 200 रुपये वाचवायला निघालेला माणूस चेन सेटचे पैसे मोजून येतो. खालच्या बाजूला मधोमध चेन बोटाने वर-खाली करून पट्टीने मोजा. साध्या कम्युटर गाड्यांना साधारण 20 ते 30 मिलिमीटर सैल लागते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये सापडेल. चाक थोडं थोडं फिरवत चार ठिकाणी बघा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी सैल नसते. जिथे सगळ्यात ताठ लागेल, तिथलं माप धरा. मग मागच्या एक्सलचा नट सैल करून ॲडजस्टरने चेन मापात आणा, दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा जुळवा आणि नट आवळा. आवळून झाल्यावर पुन्हा पट्टी लावा. नट आवळताना चाक हमखास जरासं सरकतं.