दोरीवर वाळवलेला पास्ता सहा महिने टिकत नाही

कोकणातल्या आचऱ्याहून मावशीचा फोन आला, तेव्हा तिच्याकडे तीन दिवस पावसाची झड लागलेली. बचत गटाच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज तिने वाचून दाखवला आणि विचारलं, "ह्यां खरां आसा काय गो?" गटाच्या पैशातून पाच हजार काढून पास्त्याचं मशीन घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. तोच मेसेज आठवड्याभरात मला आणखी दोघींकडून आला, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मेसेज थोडक्यात असा: बाजारचा पास्ता म्हणजे मैदा आणि केमिकल. घरी मशीन आणा, पंधरा मिनिटांत हव्या त्या आकाराचा ताजा पास्ता करा. ताजा हा सुक्यापेक्षा केव्हाही सरस, शिवाय पैसे वाचतात. मैदा अंड्यांत मळा, पट्ट्या दोरीवर वाळवा, डब्यात भरा. आजीच्या शेवयांसारखा सहा महिने टिकतो. पर्यटकांना विका. शिजवताना जंतू मरतातच.

दोरीपासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातील, या चुकीने माणूस आजारी पडेल.

आजीच्या शेवयांत अंडं नसायचं. त्या मे महिन्याच्या कडक उन्हात, आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, आधी व्हायच्या, आणि बोटाने कटकन मोडेपर्यंत वाळायच्या. आषाढात आपल्याकडे बरणीतलं मीठ पाझरतं, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. त्या हवेत अंड्याची पट्टी वरून कोरडी लागते आणि आतून ओलीच राहते. अंड्याचं पीठ, अंगाला चिकटणारी उष्ण हवा आणि मळणारे हात: जंतूंना आणखी काय हवं?

इटलीत यासाठी कायदाच आहे. 2001 च्या 187 क्रमांकाच्या राष्ट्रपती-आदेशानुसार सुक्या पास्त्यात ओलावा साडेबारा टक्क्यांहून जास्त चालत नाही. पाकीटबंद ताज्या पास्त्यात तो निदान 24 टक्के असतो, म्हणून तो आधी दुधासारखा तापवून पाश्चराइझ करावा लागतो आणि 4 अंशांच्या वर ठेवता येत नाही, फक्त 2 अंशांची सूट. ज्यांचं हे रोजचं जेवण, ते ताजा पास्ता थंडाव्याशिवाय ठेवू देत नाहीत, आणि आपण तो माजघरातल्या दोरीवर टाकून सहा महिन्यांची हमी द्यायची? अंड्याचा सुका पास्ता तिकडे मिळतो, हे खरं आहे. पण तो कारखान्यात, हवेची उष्णता आणि दमटपणा मोजून वाळवलेला असतो. आपल्या पडवीत ते मोजायला काहीच नसतं.

'शिजवताना जंतू मरतातच' हे वाक्य तर सगळ्यात घातक. अंड्यातले साल्मोनेला नावाचे जंतू नीट उकळल्यावर मरतात, मान्य. पण हाताच्या कातडीवरून, नाकातून, बोटावरच्या चिरेतून स्टॅफिलोकॉकस नावाचा दुसरा जंतू पिठात जातो. पीठ तासन् तास उबेत राहिलं की तो वाढतो आणि विष तयार करतो. जंतू उकळून मरतो, त्याचं विष उकळूनही टिकतं. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात. हे पाकीट तारकर्लीला फिरायला आलेल्या कुणाच्या लहान मुलाच्या पोटात गेलं तर मावशीच्या गटाचं नाव काय राहील?

आता केमिकलचं. बाजारचा सुका पास्ता इतका कोरडा असतो की त्याला टिकवायला वेगळं काही घालावं लागत नाही. मैद्याचा मुद्दा अर्धा खरा आहे: स्वस्त पाकिटांत मैदा असतो. मागची बाजू वाचा, ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला असेल तो घ्या. ड्युरम म्हणजे आपल्याकडचा बन्सी. पण मैद्याला नावं ठेवणाऱ्या मेसेजने खाली कृती मैद्याचीच द्यावी, हे पुढे पाठवणाऱ्या एकीच्याही लक्षात आलं नाही?

ताजा आणि सुका यांत सरस-निरस काही नाही. अंड्याच्या ताज्या पट्ट्या इटलीतल्या बोलोन्याकडच्या, रव्याचा सुका पास्ता नेपल्सजवळच्या ग्रान्यानोचा अभिमान. ताजी कोलंबी मिळते म्हणून सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, खिचडी कुणी कमी लेखतं का?

पंधरा मिनिटं हे धादांत खोटं. माझ्याकडे हातमशीन चार वर्षं आहे. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं या मापाने मळायला दहा मिनिटं, झाकून मुरायला अर्धा तास, मग मशीनच्या रुळांमधल्या रुंद फटीपासून सुरू करून फट एकेक आकड्याने कमी करत लाटायचं. चौघांपुरतं करायला अजूनही सव्वा तास जातो. आणि हव्या त्या आकाराचं म्हणाल तर रुळांच्या मशीनवर फक्त पट्ट्या निघतात. मॅकरोनी-पेनेसारख्या नळ्यांना साच्यातून पीठ दाबणारं वेगळं यंत्र लागतं, तांदळाच्या शेवया पाडायच्या आपल्या शेवग्यासारखं. पैशांचं म्हणाल तर दर वेळी चाळीस रुपये वाचले असं धरलं तरी पाच हजार फिटायला सव्वाशे वेळा करावा लागेल. शिवाय हे मशीन पाण्याने धुवायचं नसतं. कोरड्या ब्रशने पीठ झाडायचं, नाहीतर आपल्या खाऱ्या हवेत गंज चढलाच.

एवढं सांगूनही मशीन नको असं मी म्हणणार नाही. रविवारी मुलांना हँडल फिरवायला बसवून त्याच दुपारी केलेल्या पट्ट्या, दोन-तीन मिनिटांत शिजलेल्या, वर लोणी आणि मिरपूड: ती चव पाकिटाला येत नाही. उरल्या तर रवा भुरभुरून लगेच फ्रीझरमध्ये, आणि वीज बराच वेळ गेली तर फेकून द्यायच्या. शिरवाळ्यांचं, म्हणजे तांदळाच्या ताज्या शेवयांचं, आपण हेच करतो. तांदळाच्या पिठाचे उकडलेले उंडे गरम असतानाच शेवग्यातून दाबायचे, नारळाच्या गोड रसाबरोबर त्याच दिवशी संपवायचे. शिरवाळे दोरीवर वाळत घातलेले मी तरी कुणाच्या घरी पाहिले नाहीत.

मावशीच्या गटाने मशीनचे पैसे तूर्त थांबवले आहेत. मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल तर ज्यांनी टाकला त्यांना हे पाठवा, आणि बाकी काही नाही तरी दोरीची ती ओळ काढायला सांगा.