‘तळघराचे वॉटरप्रूफिंग चाळीस रुपये फूट’: हा हिशेब कुठे चुकतो

वळवाचा पहिला पाऊस पडला की सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या गटांतून एक मजकूर दरवर्षी फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: तळघराच्या वॉटरप्रूफिंगला चौरस फुटाला चाळीस रुपयांपेक्षा अधिक खर्च येत नाही, भिंतींना आतून चांगल्या केमिकलचे दोन हात मारले की काम झाले, त्यावर दहा वर्षांची लेखी गॅरंटी मिळते, बाहेरून खोदाई सुचवणारा ठेकेदार तुम्हाला लुबाडतो आहे, आणि घर नवीन असेल तर हा सगळा खर्च बिल्डरच्याच माथी मारता येतो. यातले शेवटचे विधान अर्धे खरे आहे. बाकीच्यांबद्दल मी अनुभवाने बोलू शकतो, कारण पुण्याच्या पश्चिमेकडे टेकडीच्या उतारावर आमचे घर आहे, त्याला वीस फूट बाय तीस फुटांचे तळघर आहे, आणि हा मजकूर प्रमाण मानून मी एकदा पैसे मोजले आहेत.

आधी चाळीस रुपयांकडे पाहू. हा दर अगदीच काल्पनिक नाही. सिमेंट आणि पॉलिमर यांचे मिश्रण असलेल्या साध्या कोटिंगसाठी त्याच्या आसपासचा भाव सांगणारे ठेकेदार भेटतात. गफलत होते ती ‘चौरस फूट’ या शब्दांत. वाचणारा आपल्या तळघराची जमीन मनात धरतो, ६०० ला ४० ने गुणतो आणि २४,००० रुपयांवर निश्चिंत होतो. ठेकेदार मात्र ज्या पृष्ठभागावर हात फिरणार तो मोजतो, आणि तसे मोजणेच योग्य आहे. नऊ फूट उंचीच्या चार भिंतींचे क्षेत्र ९०० चौरस फूट होते. जमीन धरून एकूण १,५०० चौरस फूट झाले, म्हणजे ६०,००० रुपये. नोंदणीकृत ठेकेदार त्यावर १८ टक्के जीएसटी लावतो, तो १०,८०० रुपये. दर तोच ठेवूनही आकडा ७०,८०० वर गेला, आणि अजून पोपडे धरलेला जुना गिलावा फोडलेला नाही, राडारोडा उचललेला नाही, भिंत आणि जमीन यांच्या कोनात कारागीर ज्याला वाटा म्हणतात ती गोलाई काढलेली नाही, आणि शेवटी नवा गिलावा व रंगही झालेला नाही. लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागलेल्या गिलाव्यावरच कोटिंग मारून दिले की ही सगळी कामे वाचतात, आणि चाळीस रुपयांत काम बसते ते बहुतेक वेळा त्यामुळेच.

आतून दोन हात पुरतात, हे या मजकुरातले सर्वांत महागात पडणारे वाक्य आहे. पावसाळ्यात भोवतालची माती पूर्ण भिजली की ती भिंतीवर पाण्याचा दाब टाकते, आणि हा दाब खोलीबरोबर वाढत जातो: पाण्याच्या दर मीटर उंचीमागे चौरस मीटरला साधारण एक टन. तळघर तीन मीटर खोल असेल आणि पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत साचले असेल, तर भिंतीच्या पायथ्याशी चौरस मीटरला तीन टन, म्हणजे चौरस फुटाला जवळजवळ २८० किलो इतका रेटा येतो. बाहेरच्या अंगाला लावलेल्या थराला हा रेटा भिंतीवर घट्ट दाबून धरतो. आतल्या अंगाला लावलेल्या थराला तोच रेटा भिंतीपासून सोडवू पाहतो. आत उघडणारे दार बाहेरून ढकलणे सोपे असते, तशातलाच हा प्रकार आहे.

पुण्याच्या पश्चिम भागात याला आणखी एक कारण मिळते. इथले तळघर बहुधा कठीण मुरूम आणि काळा पाषाण फोडून काढलेले असते; बांधकाम झाल्यावर भिंत आणि खडक यांच्यामधल्या फटीत सैल भराव टाकतात, आणि उतारावरून मुरणारे पाणी खडकातून खाली जाऊ न शकल्याने याच भरावात थांबते. घर जणू दगडी कुंडीत ठेवल्यासारखे होते. भूजलाची पातळी वीस फुटांखाली असली तरी जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्या भिंतीमागे पाणी उभे असू शकते, आणि बोअरला पाणी किती फुटांवर लागले या चौकशीचा त्या वेळी काही उपयोग होत नाही.

माझ्या भिंतींना मे महिन्यात दोन हात मारले गेले होते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तरेकडच्या भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीवर तळहाताएवढे फुगे आले. त्यातला एक अंगठ्याने दाबला तेव्हा कोटिंगची कातडी फाटली आणि मागून गढूळ पाण्याची बारीक धार आली. कोटिंग चांगले होते. ते फाटले पण विरघळले नाही. ते फक्त चुकीच्या बाजूला होते.

याला एक अपवाद आहे आणि तो सांगितला पाहिजे. क्रिस्टलाइन नावाने मिळणारी द्रव्ये काँक्रीटच्या सूक्ष्म नलिकांत शिरून तिथे स्फटिक तयार करतात, त्यामुळे ती आतल्या बाजूनेही काम करू शकतात. मात्र ती उघड्या, स्वच्छ केलेल्या काँक्रीटवरच लावावी लागतात; विटांच्या भिंतीवर किंवा गिलाव्यावर त्यांचा उपयोग नाही, आणि घराच्या हालचालीबरोबर कमी-जास्त होणारी भेग ती बुजवत नाहीत. त्यांचा दर साध्या कोटिंगच्या दीडपट-दुपटीने सहज जातो.

शिवाय पाणी भिंतभर सारखे येत नाही. ते येते काँक्रीटच्या दोन टप्प्यांमधल्या सांध्यातून, नीट न कुटलेल्या पोकळ काँक्रीटमधून, पाइप भिंतीतून आत घेतलेल्या भोकाभोवतून. या जागा पॉलीयुरेथेनच्या इंजेक्शनने बंद करतात आणि त्याचा दर चौरस फुटावर नसून नोझलवर, म्हणजे द्रव्य आत सोडण्यासाठी भोकात बसवलेल्या प्रत्येक तोटीवर, असतो. जमीन आणि भिंत यांच्यामधला वीस फुटांचा, म्हणजे सुमारे सहा मीटरचा एक सांधा घ्या आणि दर वीस सेंटिमीटरला एक नोझल धरा: तीस नोझल झाल्या. नोझलला पाचशे रुपये धरले, तर एका बाजूच्या एका सांध्याचे पंधरा हजार होतात. चारही बाजूंचे नोझल किती लागतील हे ठेकेदारालाही भोके पाडायला घेतल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही, म्हणून इंजेक्शनचा समावेश असलेले कोटेशन ठोक रकमेत मागू नये. प्रति नोझल दर आणि नोझलची कमाल संख्या अशा दोन गोष्टी लिहून घ्याव्यात.

बाहेरून खोदाई सुचवणारा लुबाडतो, हा आरोप मला अन्यायकारक वाटतो. बाहेरची बाजू सांभाळायची खरी वेळ बांधकामाची असते. आपल्याकडे जुन्या पद्धतीने त्याला बॉक्स वॉटरप्रूफिंग म्हणतात: राफ्टच्या, म्हणजे घराखालच्या सलग काँक्रीटच्या पायाच्या, खाली आणि भिंतींच्या बाहेरून खरबरीत शहाबादी फरशीची जणू पेटी करायची आणि फरशी व काँक्रीट यांच्यामधली फट सिमेंटच्या घोळाने भरून काढायची. भराव टाकण्यापूर्वी हे काम एखाद्या बैठ्या घराला परवडते. भराव टाकून दहा वर्षे झाल्यावर तेच करायचे तर काय लागते ते पाहा. माझ्या तळघराचा परीघ शंभर फूट आहे. तीन फूट रुंद आणि दहा फूट खोल चर मारला तर तीन हजार घनफूट, म्हणजे तीस ब्रास माल काढावा लागेल, तो ठेवायला अंगणात जागा लागेल, आणि काम झाल्यावर थराथराने दाबून परत भरावा लागेल. दहा फुटी चराच्या कडा आधाराशिवाय उभ्या राहत नाहीत आणि खाली माणूस उतरायचा असतो, तेव्हा टेकू देण्यात कुणी कसर करत असेल तर त्याला काम देऊ नये. फाउंडेशनच्या खाली खोदले तर घरालाच धोका होतो, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी या खर्चात धरलीच पाहिजे. हे काम काही लाखांत जाते. लाखांचा आकडा ऐकून संताप येतो हे मान्य, पण तो आकडा मुख्यतः मातीचा आहे, केमिकलचा नाही. कंपाउंडची भिंत चार फुटांवर असताना कुणी अशी खोदाई सुचवत असेल, तर मात्र त्याने जागा नीट पाहिलेली नाही, एवढे म्हणता येते.

दोन्ही टोकांच्या मधला मार्ग या मजकुरात कुठेच येत नाही: पाणी अडवण्याऐवजी त्याला वाट देणे. भिंतीच्या पायथ्याशी आतून नाली काढायची, उताराच्या टोकाला लहान टाकी करायची आणि तिच्यात आपोआप चालू होणारा पंप ठेवायचा. सुरुवातीचा खर्च खोदाईच्या मानाने बराच कमी असतो, पण पंप दरवर्षी तपासावा लागतो, आणि ज्या रात्री मुसळधार पाऊस असतो त्याच रात्री वीजही जाते, हे ध्यानात घेऊन इन्व्हर्टरची रक्कम आधीच जोडावी.

दहा वर्षांच्या गॅरंटीबद्दल थोडक्यात सांगतो. उत्पादक कंपनीची हमी तिच्या मालाची असते. तो माल ओल्या भिंतीवर लावला की एक कोपऱ्यातले वाक्य ती हमी रद्द करते. ठेकेदाराची हमी मुद्रांकावर असली तरी तिच्यात ‘नवीन भेगा वगळून’ हे शब्द बहुधा असतात, आणि गळती नवीन भेगेतून आली की जुन्या, हे ठरवणार तोच. माझ्या ठेकेदाराने फुगे पाहून ‘हे कंडेन्सेशन आहे’, म्हणजे हवेतल्या बाष्पाचे दव आहे, असे सांगितले आणि त्यानंतर फोन उचलला नाही. आता मी मुद्रांक मागत नाही. बिलाचे दहा टक्के एक पूर्ण पावसाळा होईपर्यंत रोखून ठेवण्याची अट मागतो. जो ती नाकारतो त्याला काम देत नाही, मग त्याचे दर कितीही कमी असोत.

कंडेन्सेशनचा दावा तपासायला मात्र खर्च येत नाही. भिंत कापडाने पुसून तिच्यावर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने लावावा आणि दोन दिवस ठेवावा. खोलीकडच्या बाजूला दव आले तर ते हवेतले आहे. भिंतीकडच्या बाजूला आले तर भिंत पाझरते आहे. माझ्याकडे दवाचा थेंब भिंतीकडे होता.

बिल्डरबाबतचे विधान अर्धे खरे का, ते असे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत रचनेतला किंवा कारागिरीतला दोष कळवला तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, तो तीस दिवसांत विनामोबदला दूर करायचा असतो. गळके तळघर किंवा पोडियम (पार्किंगवरचा सामाईक स्लॅब) यात बसण्याची शक्यता भक्कम आहे. परंतु सहाव्या वर्षी हे कलम हाताशी उरत नाही, आणि स्वतः ठेकेदार नेमून बांधलेल्या बंगल्याला मुळात प्रवर्तकच नसतो. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगचा खर्च तर पाच वर्षांनंतर सभासदांच्याच दुरुस्ती निधीतून होतो, ज्याची आकारणी आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के असते. बांधकाम खर्च वीस लाख असेल तर हे वर्षाला पंधरा हजार होतात. तेवढी आकारणी प्रत्यक्षात करणाऱ्या सोसायट्या फारशा माझ्या पाहण्यात नाहीत.

पाच वर्षांच्या आत असाल तर स्वखर्चाने कोटिंग मारण्यापूर्वी बिल्डरला लेखी कळवा, नाहीतर ‘तुम्हीच भिंतीला हात लावला’ हे उत्तर तयार असते. पुराव्यासाठी पाणी चढेल तिथे खडूने रेघ मारून शेजारी तारीख घालावी आणि छायाचित्र काढावे. माझ्या उत्तरेच्या भिंतीवरची पहिली रेघ जमिनीपासून चौदा इंचांवर आहे. ती काढताना वर पाहिले तेव्हा लक्षात आले की गच्चीचा पावसाळी पाइप नेमका त्याच भिंतीच्या मागे, भरावावर मोकळा सोडलेला आहे. पुढच्या मे महिन्यात प्लंबरकडून तो वीस फूट पुढे नेऊन रस्त्याकडच्या गटाराला जोडला, प्लिंथभोवती बाहेर उतरती फरशी करून घेतली, आणि दोन्ही मिळून आधीच्या कोटिंगच्या निम्मेही पैसे लागले नाहीत. त्या पावसाळ्यातली रेघ चार इंचांवर आली. उरलेल्या चार इंचांसाठी तीन कोटेशने माझ्या टेबलावर आहेत. तिन्ही प्रति नोझल दराची आहेत.