‘पोरीचं सुकन्या खातं मोडा, नाहीतर रेशन जाईल’ : हा मेसेज का खोटा आहे

सातारा-सांगलीच्या बचत गटांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मुलीच्या नावावर पोस्टात सुकन्या समृद्धी खातं असेल तर आईची लाडकी बहीण बंद होते, रेशन कार्डही रद्द होतं, म्हणून आजच खातं बंद करा, असं त्यात लिहिलंय. खाली ‘तहसीलच्या आदेशानुसार’. आदेशाला ना क्रमांक ना तारीख, शेवटी हात जोडलेले तीन इमोजी मात्र आहेत! हसून सोडून दिलं असतं, पण तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर जाणाऱ्या आणि माण-खटावात रोजगार करणाऱ्या बायका खरंच घाबरल्यात.

‘खातं दिसलं की हप्ता बंद.’ लाडकी बहीण कुणाला मिळत नाही ते ठरलेलं आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या वर, घरात आयकर भरणारा किंवा सरकारी नोकर, ट्रॅक्टर सोडून चारचाकी, दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १५०० किंवा जास्त मिळणं, अशी ती कारणं. पोरीच्या नावावरची बचत त्यात कुठंच नाही. उलट सरकारचीच लेक लाडकी योजना बघा. पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांच्या, १ एप्रिल २०२३ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलींना टप्प्याटप्प्यानं १ लाख १ हजार मिळतात, त्यातले ७५ हजार अठराव्या वर्षी. लेकीच्या नावावर पैसे असणं हा गुन्हा असता तर सरकारनं कार्डवाल्यांनाच ते कशाला दिले असते?

‘भरलेले पैसे उत्पन्नात धरतात.’ मजुरी एकदा उत्पन्नात आली. त्यातले ५०० बाजूला काढले म्हणून ती दुसऱ्यांदा येत नाही. राहिलं व्याज. सध्याच्या ८.२ टक्के दरानं महिन्याला ५०० भरले तर पहिल्या वर्षाचं व्याज पावणेतीनशेच्या आतच, तेही करमुक्त. ग्रामीण भागात रेशनच्या प्राधान्य यादीची मर्यादा वर्षाला ४४,००० आहे.

इथं मेसेजवाल्याच्या पदरात थोडं माप घालायला हवं. जमीन विकून १० लाखांची एफडी पोरीच्या नावावर टाकली, तर ७ टक्क्यांनी वर्षाला ७० हजार व्याज येतं, आणि अल्पवयीन मुलाचं व्याज आयकरात आईबापाच्याच उत्पन्नात धरतात. पण दहा लाखांची एफडी करणारं घर निराळं, ५०० भरणारं निराळं.

‘आमच्या जावेचा हप्ता खातं काढल्यावरच थांबला.’ हे मात्र ऐकून सोडून देण्यासारखं नाही. असं घडतं, पण कारण दुसरं असतं. योजनेचे पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, आधारवर येतात, आणि सगळ्यात शेवटी ज्या बँकेत आधार डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यावेत म्हणून, जोडलं तिथंच जमा होतात. सुकन्याचे पैसे परस्पर कापले जावेत म्हणून बाई पोस्ट पेमेंट्स बँकेत खातं काढते, अंगठा देते, फॉर्मवर डीबीटीची खूण होऊन जाते. पुढचा हप्ता त्या नव्या खात्यात. ही मात्र जुन्या बँकेत पासबुक भरून घेते, एंट्री नाही, आणि गल्लीत बातमी होते. मायआधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. कोणती बँक जोडलीय ते तिथं कळतं. हप्ता बहुधा तिथंच पडलेला सापडेल.

‘म्हणून खातं बंद करा, पैसे पतसंस्थेत टाका.’ एक तर सुकन्या मनात आलं म्हणून मोडता येत नाही. मुलीचा किंवा पालकाचा मृत्यू, जीवघेणा आजार, अशी कारणं लागतात. शिक्षणासाठी मात्र ती अठराची झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. आणि पतसंस्था? २०२० मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं रद्द केला, तेव्हा ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा होता. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमाही नसतो. भिशीबद्दल तर बोलायलाच नको. हा सल्ला नेमका कुणाच्या फायद्याचा, याचा विचार मेसेज पुढं ढकलणाऱ्यांनी करावा.

घाबरून ज्यांनी भरणा थांबवलाय त्यांच्यासाठी: वर्षाला किमान २५० भरले नाहीत तर खातं बुडत नाही, थकीत होतं. राहिलेल्या प्रत्येक वर्षाचे २५० आणि वर ५० रुपये दंड भरला की ते पुन्हा सुरू होतं.