शिस्तीच्या शहरात राहून ‘द गिव्हर’ वाचताना

सांगलीला गेलं की कुणीतरी हा विषय काढतंच. खड्डा चुकवताना, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत. “तुमच्या सिंगापूरसारखं आपल्याकडं व्हायला पायजे. लोकशाहीनं असलं काही होत नसतंय. पाच वर्षं कुणीतरी खमक्या माणूस बसवा, मग बघा.” बोलणारी माणसं सज्जन असतात. माझे काका, शाळेतल्या मैत्रिणी, निवृत्त शिक्षक. कुणाचा छळ व्हावा असं त्यांच्या मनातही नसतं. वेळेवर येणारी बस, बिनभेसळीचं दूध, रात्री अकराला क्लासहून निर्धास्त परतणारी मुलगी, एवढंच त्यांना हवं असतं. मी सिंगापूरला राहते, तेव्हा मी ‘हो’ म्हणेन असं ते धरून चालतात. मला ‘हो’ म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही म्हणता येत नाही. का, ते नीट मांडायला यंदा एका किशोर कादंबरीने मदत केली, आणि त्याच कादंबरीने मला चिडवलंही.

मुलीच्या वर्गाला लोईस लॉरी या अमेरिकन लेखिकेची ‘द गिव्हर’ वाचायला होती. तिच्यामागोमाग मीही वाचली, मग पुन्हा वाचली. १९९३ साली आलेलं हे पुस्तक. पुढच्या वर्षी त्याला न्यूबेरी पदक मिळालं. अमेरिकेतल्या असंख्य शाळांत ते शिकवलं जातं, आणि शाळेतून काढून टाका अशी मागणी ज्या पुस्तकांबद्दल वारंवार होते त्यांतही ते असतं. त्याच्याबद्दल बोलायचं तर शेवटासकट सगळं सांगावं लागेल.

एक वसाहत आहे. तिथे भूक नाही, भांडण नाही, ऊन-पावसाचा त्रास नाही. डोंगरसुद्धा सपाट केलेत. जोडीदार समिती ठरवते. प्रत्येक कुटुंबाला एक मुलगा आणि एक मुलगी मिळते. त्यांना जन्म देणाऱ्या बायका वेगळ्या. नवव्या वर्षी सायकल, बाराव्या वर्षी आयुष्यभराचं काम. माणसांना रंग दिसत नाहीत. जगाच्या जुन्या आठवणी, युद्धाच्या, बर्फाच्या, प्रेमाच्या, एकाच म्हाताऱ्याकडे साठवलेल्या असतात, म्हणजे बाकीच्यांना त्यांचा त्रास नको. योनास या बारा वर्षांच्या मुलाची निवड त्या म्हाताऱ्याचा वारस म्हणून होते. आठवणी घेता घेता त्याला कळतं की वसाहतीत ज्यांना ‘मुक्त’ केलं जातं, ते म्हातारे, नियम मोडणारे, जुळ्यांतलं कमी वजनाचं बाळ, त्यांना सुई टोचून मारतात. नवजात बाळांना सांभाळणारे त्याचे प्रेमळ वडीलच हे काम करतात आणि त्यात काही वावगं आहे हे त्यांना समजतही नाही. रात्री न झोपणाऱ्या गॅब्रिएल नावाच्या बाळाची पाळी येते तेव्हा योनास त्याला सायकलवर घेऊन पळून जातो.

वडिलांचा तो प्रसंग लेखिकेने अवघ्या दोन-तीन पानांत लिहिला आहे. आवाज चढवलेला नाही. बाळाशी लाडे लाडे बोलत ते सुई टोचतात. मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मुलांच्या पुस्तकात इतकं खरं लिहिण्याचं धाडस मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय, आणि हे पुस्तक शाळेतून काढायला निघालेल्या पालकांशी माझं तिथेच फाटतं.

तरीही पहिल्या साठ पानांत मी लेखिकेवर चिडले होते. कारण तिथली नुसती व्यवस्थासुद्धा वाचकाला भीतीदायक वाटावी अशी मांडलेली आहे. ठरलेल्या वेळी येणारं जेवण, पहिल्यांदा चूक झाली की माफी मागण्याची रीत, कुणी हरवू नये म्हणून असलेली काळजी, हे सगळं पुढच्या क्रौर्याची पायरी म्हणून येतं. ज्याच्या आयुष्यात नळाला चोवीस तास पाणी गृहीत होतं त्यालाच असं लिहिता येतं, असं मला वाटलं. मुंबईच्या लोकलमार्गांवर अजूनही वर्षाला दोन हजारांवर माणसं मरतात. त्या मुंबईत मी नोकरी केली आहे. माझ्या आईचे गुडघे गेलेत. इथे आली की ती एकटी बसने देवळात जाते, कारण इथल्या प्रत्येक बसमध्ये व्हीलचेअर चढेल अशी सोय आहे आणि तिच्यासाठी चालक थांबतो. सांगलीत तिला रिक्षापर्यंत न्यायला कुणीतरी लागतं. आईला मिळालेलं हे स्वातंत्र्य शिस्तीने दिलेलं आहे. कुणी मला शिस्त आणि स्वातंत्र्य ही एकमेकांची वैरी म्हणून शिकवायला लागलं, की मला आईचा बसमधला चेहरा आठवतो.

बाराव्या वर्षाचं मात्र बोचलं. इथल्या सरकारी शाळांत सहावीच्या शेवटी, म्हणजे बाराव्या वर्षी, पीएसएलई ही परीक्षा असते. तिच्या निकालावर पुढची शाळा ठरते. तिच्या जोरावर मुलांना एक्स्प्रेस आणि नॉर्मल अशा वेगवेगळ्या प्रवाहांत घालण्याची पद्धत चाळीसेक वर्षं चालली, आणि ‘नॉर्मल’चा शिक्का बारा वर्षांच्या मुलांच्या कपाळावर बसला. २०२४ पासून सरकारने स्वतःच ते प्रवाह बंद करून विषयवार पातळ्या आणल्या. परीक्षा आहेच. आमच्या इमारतीतल्या काही आया त्या वर्षी नोकरीतून रजा घेतात. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की पंधराव्या वर्षी सायन्स, कॉमर्स, आर्ट्स असे शिक्के मारले जातातच. पण पुण्यातली माझी मावसबहीण तिच्या मुलीला सातवीपासून ‘फाउंडेशन’ क्लासला पाठवते, म्हणजे बारा हे वय तिथेही आलंच. कादंबरीतली समिती निदान मुलाचं खेळणं, मदत करणं, आवडीनिवडी वर्षानुवर्षं बारकाईने बघते. आपण गुणपत्रिकेवर भागवतो. हे वाचताना वसाहतीच्या बाजूने बोलावंसं वाटलं आणि त्याचीच काळजी वाटली.

मग ती आजी-आजोबांची आठवण येते. म्हातारा योनासला आपली सर्वांत आवडती आठवण देतो: थंडीच्या दिवसांत उबदार खोलीत जमलेलं घर, मुलं, आईवडील आणि त्या आईवडिलांचे आईवडील. योनासला ही म्हातारी माणसं तिथे का आहेत हेच कळत नाही. त्याच्या वसाहतीत मुलं मोठी झाली की आईवडिलांशी संबंध संपतो, आणि म्हातारे त्यांच्यासाठी बांधलेल्या स्वच्छ, चांगल्या घरात जातात. माझ्या मुलीला या पानावर नवल वाटलं नाही. तिचे आजी-आजोबा फोनवर असतात. इथल्या नियमाप्रमाणे परदेशी नोकरदाराला आईवडिलांना दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आणायचं असेल तर त्याचा ठरलेला पगार महिना बारा हजार सिंगापूर डॉलर असावा लागतो. नियम लपवलेला नाही, कुणी पैसे मागत नाही, अर्ज वेळेत निकाली निघतो. पण आमचा पगार तेवढा नाही, त्यामुळे आई पाहुणी म्हणून येते आणि ठरल्या दिवशी परत जाते. गावाकडे ‘मुलं परदेशी गेली आणि म्हातारी एकटी पडली’ ही चर्चा मुलांच्या काळजावर बोट ठेवून होते. त्या चर्चेत पगाराची ही ओळ कुणी घेत नाही. ‘सिंगापूर करा’ म्हणणाऱ्या काकांना हे सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. त्यांना वाटत होतं, शिस्त म्हणजे फक्त दुसऱ्याने कचरा न टाकणं.

शिस्तीची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न या पुस्तकाने मला दिला, आणि त्यासाठी मी त्याची ऋणी आहे. २०२० साली इथे करोना आला तेव्हा तीन लाखांहून अधिक परदेशी कामगार, त्यांत बरेच बांधकामावरचे, वसतिगृहांत दाटीवाटीने राहत होते. बरेचसे तमिळ आणि बांगलादेशी. डिसेंबरपर्यंत त्यांतल्या जवळपास निम्म्यांना संसर्ग होऊन गेला होता. उपचार चांगले झाले, मृत्यू फार कमी झाले, हे खरं आहे आणि सांगायलाच हवं. पण शहर खुलं झाल्यावरही त्यांच्या बाहेर पडण्यावरची बंधनं कितीतरी महिने राहिली. माझं घर ज्यांनी बांधलं ती माणसं आजही लॉरीच्या हौद्यात बसून कामावर जातात. मी रोज पाहते.

आणि नेमकं इथे कादंबरी कमी पडते. योनासची धाकटी बहीण म्हणते, मला बाळं जन्माला घालणारी व्हायचंय. आई तिला दटावते: त्या कामाला मान नाही. तीन बाळंतपणं, आणि मग म्हातारपणापर्यंत अंगमेहनत. दोन-चार ओळींत हे येतं आणि संपतं. त्या बायका पुन्हा दिसत नाहीत. जिच्या पोटातून गॅब्रिएल आला तीसुद्धा नाही. दुःख नजरेआड ठेवणाऱ्या समाजावर लिहिलेल्या पुस्तकानेच त्यांना नजरेआड ठेवलंय. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लिहून ठेवलंय की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. ते वाचलेल्या मराठी वाचकाला ही दटावणी धक्क्यासारखी लागते, लेखिकेला लागली असावी त्याहून जास्त. त्यात आठवणी घेण्याची शक्ती कुणाकडे आहे, तर ज्यांचे डोळे फिकट आहेत त्यांच्याकडे: योनास, म्हातारा, गॅब्रिएल. म्हणजे अंगभूत, जन्मखुणेने ओळखता येणारी लायकी. समान माणसांच्या बाजूने लिहिलेल्या गोष्टीत हे मला आवडलं नाही. मुलीला वाटतं मी फार खोलात जातेय, डोळे म्हणजे नुसती खूण. आमचं यावर एकमत झालेलं नाही.

आठवणींबद्दल मात्र पुस्तक पूर्णपणे बरोबर आहे. त्यात एक छोटी गोष्ट आहे. वसाहतीतले लोक जास्त मुलं जन्माला यावीत अशी मागणी करतात, समिती म्हाताऱ्याला विचारते, आणि त्याला आठवते ती भूक. मागणी बारगळते. बाकी कुणालाच भूक म्हणजे काय हे ठाऊक नसतं. आणीबाणीत माझे काका कॉलेजात होते. त्यांना आठवतं ते एवढंच की गाड्या वेळेवर यायच्या आणि कचेरीत कारकून जागेवर सापडायचे. विनोबांचे ‘अनुशासन पर्व’ हे शब्द सरकारने भिंतीभिंतींवर चढवले होते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलं नाही. कऱ्हाडच्या १९७५च्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. कऱ्हाड सांगलीहून फार लांब नाही. तरी आमच्या घरात दुर्गाबाईंचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, गाड्या वेळेवर यायच्या हे मात्र पुष्कळदा ऐकलं. तेव्हा वीस वर्षांचे असलेले आज सत्तरीत आहेत. ‘पाच वर्षं खमक्या माणूस’ हे वाक्य इतक्या सहज निघतं, कारण त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना आपण घरात बोलावून कधी विचारलं नाही.

भाच्याला हे पुस्तक मी पाठवते आहे. तो तेरा वर्षांचा आहे, इंग्रजी चांगलं वाचतो. काकांनीही त्याच्यासोबत वाचावं अशी माझी फार इच्छा आहे. फक्त शेवटाशी मी दोघांना थांबवणार आहे. योनास हद्दीबाहेर गेला की त्याने घेतलेल्या आठवणी वसाहतीवर परत कोसळणार असतात. म्हातारा लोकांना सावरायला मागे थांबतो. कादंबरी योनासबरोबर जाते, बर्फात, टेकडीवर, घसरगाडीवर, आणि तो जगला की मेला हे संदिग्ध ठेवून संपते. मुलीच्या वर्गात सगळी चर्चा त्यावरच झाली म्हणे. मला मागे राहिलेल्यांचं जाणून घ्यायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा वेदना झालेल्या त्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं? बाळंतपणं करून मजुरी करणाऱ्या बायकांना काय आठवलं? त्या म्हाताऱ्याला एकट्याला ते पेललं का? निघून जाणाऱ्याच्या धैर्याची गोष्ट लेखिकेने फार सुंदर सांगितली आहे. मी स्वतः निघून आलेली आहे आणि माझ्या आईचं औषधपाणी सांगलीत राहिलेली वहिनी बघते. मला त्या पुस्तकात वहिनीचं प्रकरण हवं होतं.