पडदाभर मासे, पिशवीत दोन चिलापी: एका प्रतिक्रियेला उत्तर

अण्णा, नमस्कार. फिशफाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, त्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत:

"तुमचं ऐकून सेन्सिटिव्हिटी शंभरावर नेली. हिडकलला पडदाभर मासे दिसले, घरी दोन चिलापी आणल्या. या डब्यापेक्षा आमचे आजोबा बरे, नुसतं पाणी बघून सांगायचे." तुमचा राग खरा आहे. सेन्सिटिव्हिटी (किती क्षीण प्रतिध्वनी पडद्यावर दाखवायचा ते) वाढवा असं मी लिहिलं, पण कुठवर ते लिहिलं नाही. चूक माझीच.

शंभरावर यंत्र काहीच लपवत नाही. गाळ, बुडबुडे, शेवाळ, सगळं ठिपके होऊन येतं. मी काय करतो सांगतो. पहिल्यांदा ऑटो, म्हणजे यंत्रानं आपोआप सगळं ठरवणं, बंद. खोली ९ मीटर असेल तर रेंज (पडदा किती खोलवर दाखवतो ते) २० वर न्यायची आणि सेन्सिटिव्हिटी सावकाश चढवत जायची. एका टप्प्याला १८ मीटरच्या आसपास तळाची दुसरी, पुसट रेघ उमटते. आवाज तळावर आपटून वर येतो, पृष्ठभागावरून परत खाली जाऊन पुन्हा वर येतो, त्याची ती रेघ. जेमतेम दिसली की हात थांबवायचा आणि रेंज १० वर आणायची. हिडकल धरणाच्या पाण्यात हुन्नूरचं ते बुडणारं विठ्ठल मंदिर आहे, तसल्या दगडी तळावर रेघ पटकन येते. मऊ गाळावर ती येतच नाही कधी कधी; तिथं रेघेची वाट बघत बसू नका, ठिपक्यांचा पाऊस सुरू झाला की दोन घरं मागं या.

आणि यंत्र पडद्यावर काढतं ती माशांची चित्रं बंद करा हो! तो यंत्राचा अंदाज असतो, झाडाची बुडालेली फांदीसुद्धा त्याला कटला वाटते. चित्रं काढल्यावर कमान शोधा. चालत्या होडीखालून मासा जाताना आधी लांब, मग जवळ, मग परत लांब, म्हणून कमान. होडी उभी असेल आणि मासाही उभा असेल, तर नुसती लांब रेघ दिसते. आत्ता खाली काय आहे ते फक्त पडद्याच्या उजव्या कडेला. डावीकडचं सगळं होऊन गेलेलं. तुम्ही बहुतेक डावीकडं बघून गळ टाकत होता.

आणखी एक. २०० किलोहर्ट्झच्या आवाजाचा २० अंशांचा झोत ९ मीटरवर जेमतेम ३ मीटर रुंद होतो. ८३ किलोहर्ट्झला ६० अंश असतील तर १० मीटरच्या वर. म्हणजे रुंद झोतात दिसलेला मासा होडीपासून पाच मीटर बाजूला असू शकतो, आणि कुठल्या बाजूला ते पडदा सांगत नाही. नेमकी जागा हवी तर २०० वर या.

माझीही फजिती ऐका. दोन महिने मी मोटर आणि फिशफाइंडर एकाच बॅटरीवर चालवत होतो. मोटर चालू केली की पडद्यावर उभ्या तुटक रेघा, आणि मी त्यांना थवे समजून गळ टाकत बसायचो. एकदा मोटर बंद पडली आणि थवेही गेले. तेव्हापासून यंत्राला वेगळी छोटी बॅटरी.

आजोबांचं मात्र मान्य. मरळ हवा घ्यायला वर येते, काठच्या गवतात बसते. उथळ पाण्यात झोत एवढासा, त्यात गवताचा गोंधळ. तिथं डोळेच लागतात. माझं यंत्र मोकळ्या, खोल पाण्यातल्या कटला-रोहूसाठी.

तुमची बॅटरी कशी जोडली आहे आणि ट्रान्सड्यूसर (पाण्यात आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग) होडीला कुठं लावलाय, त्याचा फोटो टाका. मोटरच्या पंख्याच्या फेसात आला असेल तर तेही बघू.